स्फटिकावरचा लेप : काढावा की ठेवावा?



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बिस्किटांचा एखादा जुना पत्र्याचा डबा असेल आणि त्यात खाऊऐवजी दगड असतील. विहिरीच्या खोदकामातून आलेले, दगडखाणीच्या कडेला वेचलेले, नाही तर अजिंठा-वेरूळच्या सहलीत एखाद्या विक्रेत्याशी घासाघीस करून घेतलेले. हा छंद मला फार आवडतो. याला पैसा लागत नाही, आणि आपल्यासारख्या प्रदेशात माल तर पायाखालीच आहे. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून हा दगड झाला. लाव्हा निवताना त्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी झिरपत राहिले, आणि अंधारात, कोणाच्याही धक्क्याविना, भिंतींवर स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट, कॅल्साइट, गार म्हणजे क्वार्ट्झ, ही त्यांतली काही नावे. भोर घाटातून मुंबई-पुणे रेल्वेमार्ग काढला (तो १८६३ साली खुला झाला), त्या खोदकामात असे स्फटिक मोठ्या प्रमाणात सापडले. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आपल्याकडच्या पाषाणातले नमुने मांडलेले आहेत.

आता अडचण अशी, की दगड जमिनीतून येतो तो काही काचेच्या कपाटात शोभेल असा येत नाही. त्यावर माती असते, तांबूस गंज असतो, कधी पांढरट कवच, कधी हिरवी किंवा काळी पूड असते. तो हातात घेताक्षणी मनात येते, हे सारे निघाले तर दगड किती छान दिसेल! आणि मग कोणी तरी मोठा माणूस, बहुधा मामा किंवा शेजारचे काका, सल्ला देतात : "न्हाणीघर साफ करायचे ॲसिड आहे ना, त्यात टाक रात्रभर. सकाळी बघ कसा लखलखतो."

हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. पण आपल्याकडच्या दगडांना तो बहुतेक वेळा मारकच ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याहून पुढे जाऊन मी म्हणेन, की ज्याला आपण मळ समजतो त्यातला बराचसा मळ नसतोच.

प्रथम त्या ॲसिडचे पाहू. ते असते हायड्रोक्लोरिक आम्ल. एक काळजी आधीच सांगतो : ते डोळ्यात उडाले तर डोळा जाऊ शकतो, आणि कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये ते मिसळले तर क्लोरिन हा विषारी वायू निघतो. तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीशिवाय त्या बाटलीला हात लावू नये. पण समजा, सर्व काळजी घेतली. तरी दगडाचे काय होते?

गारेला काही होत नाही. क्वार्ट्झवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही. म्हणूनच हा सल्ला रूढ झाला. ज्या प्रदेशांत संग्राहकांना मुख्यत्वे क्वार्ट्झ सापडते तेथे तो चालूनही जातो. कॅल्साइट मात्र या आम्लात फसफसून विरघळते. ते कॅल्शियम कार्बोनेट असते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सकाळी भांड्यात स्फटिकाच्या जागी गुळगुळीत, कडा झिजलेला खडा उरतो, किंवा काहीच उरत नाही.

झिओलाइटांची गोष्ट याहून मजेदार आहे, आणि जरा दुःखदही. झिओलाइट हा खनिजांचा एक कुटुंबकबिला आहे. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे सगळे त्यातलेच. यांची रचना एखाद्या जाळीदार इमारतीसारखी असते. इमारतीच्या विटा दोन प्रकारच्या. एका विटेच्या मध्यभागी सिलिकॉनचा अणू, दुसरीच्या मध्यभागी ॲल्युमिनियमचा. जाळीच्या रिकाम्या दालनांत पाण्याचे रेणू आणि कॅल्शियम, सोडियम यांसारखे आयन राहतात. आम्ल आत शिरले की ते ॲल्युमिनियमच्या विटा उपसून काढते. स्कोलेसाइटमध्ये दर पाच विटांपैकी दोन ॲल्युमिनियमच्या असतात. पाचांतल्या दोन विटा काढून घेतल्यावर कोणती भिंत उभी राहील? सगळी इमारत कोसळते आणि उरलेल्या सिलिकाची चक्क जेली बनते. स्टिल्बाइटमध्ये चार विटांत एकच ॲल्युमिनियमची. तेथे सांगाडा कसाबसा उभा राहतो, पण आतून पोकळ झालेला. त्याचे मोत्यासारखे तेज जाते आणि तो खडूसारखा निस्तेज दिसू लागतो.

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता मी असा एक नमुना पाहिला. आठवीतल्या एका मुलीने शेतातल्या विहिरीच्या खोदकामातून आणलेला होता. कारंज्यासारखे पसरलेले पांढरे शुभ्र सुयांचे झुबके, स्कोलेसाइटचे. म्हणजे तसे ते होते. घरच्यांनी ते रात्रभर ॲसिडमध्ये ठेवले होते आणि आता त्या जागी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा एक थर वाळून बसला होता. मुलीने विचारले, "सर, हे परत पहिल्यासारखे होईल का?" विहीर तोवर बांधून झाली होती.

असो. तर दगडाच्या बाबतीत पहिला प्रश्न "हे कशाने निघेल?" हा नसतो. पहिला प्रश्न "हे काय आहे, आणि याच्याखाली काय आहे?" हा असतो. लेप आणि स्फटिक या दोघांची ओळख पटल्यावाचून पुढे जाणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे. आणि आपल्या पोकळ्यांत बहुतेक वेळा दोनच खनिजे नसतात, शेजारीपाजारीही असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे कॅव्हनसाइट घ्या. मोरपंखी निळ्या रंगाचे हे खनिज प्रथम १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले. पण जगातले उत्तमोत्तम नमुने वाघोलीचे. त्याच्या निळ्या गोळ्या बहुधा स्टिल्बाइटच्या किंवा ह्यूलंडाइटच्या गालिच्यावर बसलेल्या असतात. निळी गोळी स्वच्छ करायला जाल तर गालिचा जाईल.

ओळख कशी पटवायची? त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. एक चांगले भिंग घ्या आणि दगडाची तुटलेली कड पाहा. रंग फक्त वरच्या पृष्ठावर आहे, की तुटलेल्या भागातही आतपर्यंत गेला आहे? स्टिल्बाइट कित्येकदा फिकट गुलाबी किंवा नारिंगी असते. ह्यूलंडाइट कधी कधी विटकरी लाल असते, कारण लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण स्फटिक वाढतानाच त्याच्या पोटात अडकलेले असतात. हा गंज वरून लागलेला नव्हे. तो धुऊन काढू पाहणे म्हणजे गाजराचा रंग धुऊन काढू पाहण्यासारखे आहे.

लेप पांढरा असेल तर त्याच दगडाचा एखादा निरुपयोगी कपचा घ्या. त्यावर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगारचा एक थेंब टाका आणि भिंगातून पाहत राहा. बारीक बुडबुडे उठू लागले तर लेप कॅल्साइटचा असण्याची शक्यता मोठी. काहीच झाले नाही तर तो सिलिकाचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी आहे, आणि मग आम्लाचा विचार सोडून द्यावा. सिलिका विरघळवणारे आम्ल आहे, हायड्रोफ्लुओरिक. परंतु ते कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत पोहोचते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. एखाद्या दगडासाठी त्याचे नावही काढू नये.

गंजाच्या डागांसाठी संग्राहक फार वर्षे ऑक्झॅलिक आम्ल वापरत आले आहेत. क्वार्ट्झवर ते उत्तम काम करते, कारण ते लोहाच्या आयनाला खेकड्यासारखे दोन्ही नांग्यांनी धरते आणि पाण्यात ओढून नेते. पण तेही विषारी आहे, आणि आपल्याकडच्या दगडांशी त्याचे एक वेगळेच वाकडे आहे. ऑक्झॅलिक आम्लाला कॅल्शियम भेटले की कॅल्शियम ऑक्झॅलेट हा पांढरा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. कॅल्साइटमध्ये कॅल्शियम, ॲपोफिलाइटमध्ये कॅल्शियम, बहुतेक झिओलाइटांत कॅल्शियम, इतकेच काय, विहिरीच्या जड पाण्यातही कॅल्शियम! म्हणजे एक लेप काढायला गेलो आणि दुसरा चढवून बसलो. हा कॅल्शियम ऑक्झॅलेट तुम्हाला परका नाही, बरे का. अळूच्या पानांत त्याच्याच सूक्ष्म सुया असतात, म्हणून नीट न शिजलेले अळू घशाला खाजते. आणि बहुतेक मुतखडेही त्याचेच असतात. त्याला स्फटिकावर नेऊन बसवण्याची काय हौस?

बॅटरीतल्या गंधकाम्लाचाही असाच प्रकार. कॅल्साइटवर ते टाकले तर पृष्ठावर जिप्समचा थर जमतो आणि अभिक्रिया तेथेच थबकते.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी तो आम्लाशिवाय शोधला, हे मला विशेष वाटते. कॅनडातील रॉबर्ट वॉलर यांनी १९८० साली खनिज-नमुन्यांवरचा गंज काढण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात सोडियम डायथायोनाइट, सोडियम सायट्रेट आणि खाण्याचा सोडा अशी तीन द्रव्ये असतात. कल्पना सुरेख आहे. गंजातले लोह ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत ते साध्या पाण्यात विरघळत नाही. डायथायोनाइट त्याला एकेक इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे लोहाची अवस्था बदलते आणि ते विरघळू लागते. सायट्रेट त्याला धरून ठेवतो, म्हणजे ते पुन्हा कोठे जाऊन बसत नाही. सोडा मिश्रण आम्लधर्मी होऊ देत नाही. झिओलाइटाच्या विटांना हात न लावता नुसता गंज तेवढा उचलला जातो. (कॅल्साइट जवळ असेल तर येथेही जपूनच.) निळीच्या रंगकामात हेच डायथायोनाइट वापरतात, आणि काही गुऱ्हाळांवर गुळाला पिवळा रंग यावा म्हणून टाकतात ती 'हायड्रॉस पावडर' म्हणजेही हेच. पण त्यातून गंधकाचा घुसमटवणारा वायू निघतो आणि पूड ओलसर झाली तर ती पेटूही शकते. तेव्हा ही पद्धत कळावी म्हणून सांगितली, घरी करून पाहावी म्हणून नव्हे. महाविद्यालयाच्या रसायनशाळेत, वायुवीजनाच्या कपाटात, जाणत्या माणसाने करायचे ते काम आहे.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक. तेव्हा रसायने बाजूला ठेवून आता माझ्या विषयाकडे वळतो. कारण दगडाचे नुकसान केवळ रसायनांनी होत नाही. साध्या पाण्याने आणि साध्या ब्रशनेही होते.

कोणी म्हणते, गरम पाण्याने मळ लवकर निघतो. भांड्याचा निघतो. पण कॅल्साइट तापवले तर ते एका दिशेने प्रसरण पावते आणि तिच्याशी काटकोन करणाऱ्या दिशांनी चक्क आकुंचन पावते! एकाच स्फटिकात एकीकडे ताण आणि दुसरीकडे दाब. त्यात कॅल्साइटला पाटन आहे, म्हणजे ठरावीक पातळ्यांवर फुटण्याची त्याची प्रवृत्ती आहे. गरम पाण्यातून काढून नळाखाली धरला की आत काचेला तडा जावा तशी चीर पडते. झिओलाइटाचे तर नावच बोलके आहे. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली या खनिजाला फुंकनळीच्या ज्वाळेत धरले, तर ते उकळल्यासारखे फसफसले. आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. म्हणून ग्रीक भाषेतील 'उकळणे' आणि 'दगड' या शब्दांवरून त्यांनी झिओलाइट हे नाव दिले. ॲपोफिलाइट या नावातही 'पान सुटणे' असा अर्थ दडलेला आहे, कारण तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. ज्यांच्या नावातच इशारा आहे त्यांना उकळत्या पाण्यात घालावे काय? किंवा गच्चीवर वैशाखाच्या उन्हात वाळत घालावे काय? लॉमोंटाइट नावाचे झिओलाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही पाणी गमावून हळूहळू भुगा होते.

आता घासणे. कठिनतेचे मोज्-मापन तुम्ही शाळेत शिकला असाल. कॅल्साइटची कठिनता ३, स्टिल्बाइट-ह्यूलंडाइटची साडेतीन ते चार, ॲपोफिलाइटची साडेचार ते पाच. आणि सामान्य धुळीत-वाळूत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिनता ७. म्हणजे दगडावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे हे स्फटिकावर कानस फिरवण्यासारखेच आहे. पोलादी सुईची कठिनताही साडेपाचाच्या वर. त्यापेक्षा बांबूची कामटी किंवा दात कोरायची लाकडी काडी चांगली. ती स्फटिकाला ओरखडा काढूच शकत नाही. धूळ प्रथम पाण्याच्या बारीक धारेने वाहून जाऊ द्यावी, आणि मगच मऊ ब्रश लावावा. ओकेनाइटच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र पाणीसुद्धा लावू नये. त्यांचे तंतू ओले झाले की पृष्ठताणामुळे एकमेकांना चिकटतात, ओल्या मांजरीच्या केसांसारखे, आणि वाळल्यावरही पूर्ववत फुलत नाहीत. घड्याळजी किंवा सोनार दागिने धुण्यासाठी वापरतात ते स्वनातीत ध्वनितरंगांचे यंत्रही पाटन असलेल्या स्फटिकांना घातक. त्यातले फुटणारे बुडबुडे चिरांमध्ये पाचरीसारखे काम करतात.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. क्वार्ट्झवरच्या कॅल्साइटचा लेप काढण्यासाठी व्हिनेगार वापरले, काम झाले, दगड नळाखाली पाच मिनिटे धुतला. आम्ल गेले का? पृष्ठावरचे गेले. चिरांमधले? तेथे वाहते पाणी पोहोचत नाही. तेथून आम्लाला बाहेर यायचे ते विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आंधळ्या धडपडीने. आणि विसरणाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. अंतर दहापट तर वेळ शंभरपट. पाण्यातल्या लहान रेणूंसाठी हिशोब केला तर एक मिलिमीटर खोल चिरेतून बाहेर यायला साधारण पाव तास लागतो. एक सेंटिमीटर खोल चिरेतून? एक दिवसाहून अधिक! म्हणून आम्लात जेवढा काळ दगड राहिला, त्याच्या कितीतरी पट काळ तो साध्या पाण्यात, रोज पाणी बदलत, ठेवायला हवा. नाही तर काही महिन्यांनी चिरांच्या तोंडाशी पिवळे डाग उमटतात आणि "दगड खराब निघाला" म्हणून दगडाला दोष दिला जातो.

हा नियम पडताळून पाहायचा असेल तर एक सोपा प्रयोग आहे. परीक्षानळीत चायनाग्रासची घट्ट, बिनरंगी जेली जमवा. वर खाण्याच्या रंगाचे थोडे दाट पाणी घाला आणि रंग किती खाली उतरला त्याची रोज ठरावीक वेळी खूण करा. पहिल्या दिवशी तो जेवढा उतरेल, त्याच्या दुप्पट उतरायला दोन दिवस पुरणार नाहीत. किती लागतात ते आलेख काढून पाहा.

एवढे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, "मग सर, तुम्ही लेप काढण्याच्या विरुद्धच आहात!" तसे नाही. जांभळ्या गारेवर कॅल्साइटचा जाड पांढरा थर आहे, आत काय आहे ते दिसतच नाही. अशा वेळी तो पातळ आम्लाने सावकाश काढणे योग्यच. व्हिनेगारला आठवडा लागेल; लागू द्यावा. घाई नको, कारण फसफसण्याचा जोर जितका कमी तितके तुम्हाला मध्येच थांबता येते, आणि थांबता येणे हीच यातली खरी किमया. चिकट माती, हाताचा तेलकटपणा, खाणीतली खडीची पूड, ही तर काढावीच. ती दगडाची नव्हे, आपली आहे.

पण जो लेप त्या पोकळीतच, निसर्गानेच चढवला आहे, त्याची गोष्ट निराळी. पोकळीत सगळी खनिजे एकदम तयार होत नाहीत. एक येते, थांबते. पाण्याचे तापमान आणि त्यातले विरघळलेले घटक बदलतात, मग दुसरे येते. आपल्याकडच्या कितीतरी पोकळ्यांच्या भिंतींवर सर्वांत आधी सेलॅडोनाइट या मातकट हिरव्या खनिजाचा पातळ लेप बसलेला असतो आणि त्यावर झिओलाइट वाढलेले असतात. वर कॅल्साइट, त्यावर कधी पुन्हा ॲपोफिलाइट. कोण कोणाच्या अंगावर बसले आहे हे पाहिले की कोण आधी आले ते कळते. पोकळीत घडलेल्या हकिकतीचा दुसरा लेखी पुरावा नाही. तुम्ही सर्वांत वरचा थर "घाण" म्हणून विरघळवलात, म्हणजे या हकिकतीचे शेवटचे पान फाडून टाकलेत.

कधी कधी तर स्फटिक आपल्या अंगावरचा लेप पोटात घेऊन पुढे वाढतो. वाढ थांबली असता त्यावर हिरवी किंवा तांबडी धूळ बसते, पुढे पुन्हा वाढ सुरू होते, आणि आत त्या धुळीची पुसट रेघ राहते. पारदर्शक स्फटिकाच्या पोटात आणखी एक लहान स्फटिक असल्यासारखी. संग्राहक त्याला भुताचा स्फटिक म्हणतात आणि त्याला चांगली किंमत देतात. आता मला सांगा, आत गेलेली धूळ अमोल आणि बाहेर राहिलेली धूळ मात्र मळ, हा कुठला न्याय? दोहोंत फरक एवढाच, की एकीच्या बाबतीत स्फटिकाला पुढे वाढायला सवड मिळाली.

कधी सिलिकाचे पातळ कवच कॅल्साइटच्या स्फटिकावर बसते, आणि पुढे निसर्गच आतले कॅल्साइट विरघळवून नेतो. उरतो तो नुसता साचा, आत पोकळ. ज्याचा आकार आहे तो स्वतः नाही आणि जो आहे त्याचा तो आकार नाही! असा नमुना हाती आल्यावर त्याचे "कवच काढायचे" ठरवले तर हातात काय राहील ते तुम्हीच ठरवा.

म्हणून माझी एक सूचना आहे. लेप काढायचाच ठरले तर सगळा काढू नका. पुराणवस्तू खणणारे शास्त्रज्ञ उत्खननात मातीचा एखादा भाग मुद्दाम न खणता ठेवतात, कारण उद्या अधिक चांगली साधने घेऊन येणाऱ्याला तो तपासता यावा. तसे करा. दगडाचा मागचा भाग, किंवा एक कोपरा, आहे तसा राहू द्या. मेण वितळवून तेवढ्या भागावर ब्रशने लावले तर पातळ आम्ल तेथे पोहोचत नाही. (मेण कोमट असावे, कढत नको, कारण वर आलेच आहे.) आणि काम सुरू करण्यापूर्वी दगडाचे एक छायाचित्र घ्या. आता तर घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आहे. एक रुपयाही लागत नाही.

दुसरी सूचना तुम्हाला नाही, तुमच्या शिक्षकांना आणि माझ्यासारख्या परीक्षकांना आहे, पण तुम्ही ती त्यांना वाचून दाखवा. प्रदर्शनात दगडांचा संग्रह मांडलेला असतो तेव्हा आमची नजर चकाकणाऱ्या दगडाकडे जाते आणि क्रमांकही त्यालाच मिळतो. मुलांना आपण काय शिकवतो? की ॲसिडमध्ये बुडवा, बक्षीस मिळवा. माझे मत असे, की स्वच्छतेला दहापैकी दोनपेक्षा अधिक गुण देऊ नयेत. उरलेले आठ चिठ्ठीला द्यावेत. दगड कोठे सापडला, कोणत्या गावाच्या कोणत्या विहिरीत किंवा खाणीत, किती खोलीवर, कोणत्या तारखेला, शेजारी कोणती खनिजे होती, त्यावर काय काय केले आणि किती दिवस केले, हे ज्या चिठ्ठीवर आहे तो नमुना मातीने माखलेला असला तरी अभ्यासकाच्या उपयोगाचा असतो. चिठ्ठी नसलेला लखलखीत दगड हा केवळ एक शोभेचा खडा. आणि विहीर बुजते, बांधली जाते. खाण पाण्याने भरते, तिच्यावर वसाहत उभी राहते. तेथे परत जाऊन विचारता येत नाही. वाघोलीच्या आसपास आज इमारती किती झाल्या आहेत ते पुण्याच्या वाचकांना सांगायला नकोच.

जे दगड तुम्ही न धुता ठेवायचे ठरवाल त्यांच्यासाठी थोडेसे. कापसात गुंडाळू नका. सुयांसारख्या स्फटिकांत त्याचे तंतू अडकतात आणि ओढताना सुया मोडतात. मऊ पातळ कागद चांगला. प्रत्येक दगडाला स्वतंत्र खोका द्या, आगपेटीचा चालेल. एकाच डब्यात मोकळे टाकले तर वर सांगितलेली ती सात कठिनतेची गार बाकीच्या सर्वांना ओरबाडत बसते. लॉमोंटाइट असल्याची शंका असेल तर तो दगड घट्ट झाकणाच्या बरणीत, जवळ ओलसर कापडाचा लहान तुकडा ठेवून ठेवा. आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा. शाई पुढे ओलीने पसरते, पेन्सिलचा शिसवी कोळसा, म्हणजे ग्रॅफाइट, पसरत नाही. तेही एक खनिजच आहे.